दोन पदर की तीन

माणूस जाड झाला की पहिली बातमी त्याची पँट देते. बायको नंतर सांगते, डॉक्टर त्याच्याही नंतर, आणि आरसा तर शेवटपर्यंत सांभाळून घेतो. पण शिंप्याचं दुर्दैव असं, की त्याची पँट त्याच्याशी खरं बोलू शकत नाही. ती तोंड उघडायला लागली, की दुपारच्या रिकाम्या वेळात तो तिला उसवतो आणि गप्प करतो.

टेलर मास्तरांनी अकरा वर्षं हेच केलं. कंबर अर्धा इंच वाढली, की मागची शिवण उसवायची, आत दाबलेल्या जादा कापडातून अर्धा इंच बाहेर काढायचा आणि वरून इस्त्री फिरवायची. ह्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. गिऱ्हाइकाच्या पँटला मास्तर बोटभर माया ठेवायचे, स्वतःच्या पँटला चांगली चार बोटं. त्यामुळे अकरा वर्षांत जिची कंबर एकदाही घट्ट झाली नाही, अशी पँट गल्लीत एकाच गृहस्थाची होती, आणि गल्लीतला सगळ्यात रुंद गृहस्थही तोच होता.

"माझं माप काही बदललेलं नाही," ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. "शिलाई चांगली असली की कपडा माणसाला धरून राहतो."

"धरून राहतो खरा," खिडकीतून उत्तर यायचं. "पण धरून धरून त्याचेही हात दुखत असतील रे."

खिडकीत बसायची ती मास्तरांची थोरली बहीण. दुकानातली काजं, बटणं, हुक सगळं तिच्याकडे. अंगानं सडसडीत, बोलणं थोडकं, आणि टोचल्याचं कळायचं ते ती आत गेल्यावर. म्हणून लोक तिला पाठीमागे टाचणी म्हणत, समोर मात्र आक्का.

आता मास्तर खादाड होते, असं कुणी म्हणू नये. ते खाण्यासाठी कधी खात नसत. ते बक्षीस घेत असत, आणि हा फरक त्यांना स्वतःला इतका स्पष्ट होता, की दुसऱ्या कुणाला का दिसत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं.

याचं मूळ त्यांच्या शिकाऊ दिवसांत होतं. बहीणभाऊ दोघंही एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकले. तो काटेकोर माणूस शिवलेला कपडा सरळ कधी बघतच नसे. आधी उलटा करायचा. बाहेरून तर कुणीही नटतं, आतून काय आहे ते दाखव, म्हणायचा. आतली शिवण वाकडी निघाली, की एका झटक्यात उसवून अंगावर भिरकावायचा. आणि सरळ निघाली तर काही न बोलता आपल्या चहाबरोबर आलेला साखर लावलेला गोड पाव बशीसकट पुढे सरकवायचा. तो पाव मास्तर जन्मात विसरले नाहीत. त्यांना तोंडी शाबासकी कधी मिळाली नाही. मिळाला तो पाव, आणि शाबासकीची चव तीच, हे डोक्यात पक्कं बसलं.

पुढे उस्ताद गेले. परीक्षकाची जागा रिकामी पडली, आणि मास्तरांनी तो कार्यभार स्वतःकडे घेतला. आपला हात जगन्नाथ. आता तेच शिवत, तेच तपासत आणि तेच पास होत. नापास होण्याचं प्रमाण, सांगायला हरकत नाही, शून्य होतं.

सुरुवातीला नियम कडक होते. कोट पुरा झाला तरच समोरच्या बेकरीतून एक क्रीमरोल. मग पँटही कष्टाचीच असते, असं त्यांच्या लक्षात आलं. मग चेन बदलणं हे पँट शिवण्यापेक्षा किचकट, हे कोण नाकारणार? गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तर बक्षीस, भांडून गेलं तर मनाची समजूत, आणि आलंच नाही तर दिवसभर वाट पाहिल्याबद्दल काहीतरी. शेवटी शेवटी सकाळी दुकानाचं शटर वर केलं, एवढ्यावरही एक बिस्कीट देय होऊ लागलं. शटर जड होतं.

बेकरीवाला स्वतः लाकडी फळीसारखा सपाट. आपल्या मालाला त्यानं कधी तोंड लावलं नाही, यावरून खरं तर मास्तरांनी ओळखायला हवं होतं. पण तो धंद्याला हुशार. मास्तर रस्ता ओलांडताना दिसले, की बशी आधीच काढून ठेवायचा.

"काय मास्तर, आज काय जिंकलं?"

"तीन पँटी, आणि एका माणसाचं उंच-सखल खांद्याचं जाकीट."

"अरे बापरे. मग एकानं कसं भागेल?"

"नाही म्हणा भागत."

घरी मास्तरीणबाई उकडलेल्या भाज्या करून करून थकल्या होत्या. मास्तर त्या भाज्या निमूट खायचे, कुरकुर नाही, कपाळाला आठी नाही. आणि इतकी कुरकुर न केल्याबद्दल दुसऱ्या दिवशी बेकरीत स्वतःचा सत्कार करायचे.

मग बोटांचं सुरू झालं. आधी पावलांची आग व्हायची. तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, पायानं काही शिवायचं नसतं. पण एके दिवशी डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला सुई लागली आणि ते त्यांना आक्कानं सांगितलं.

"रक्त येतंय, मास्तर."

"कुणाला?"

"शेजारच्याला. अरे, तुला."

हे बोट म्हणजे मास्तरांचं सगळं भांडवल. शिंप्याचा उजवा हात सुई चालवतो, पण कपड्याखाली राहून सुई कुठं आली ते सांगतं डावं बोट. वर कापड, खाली अस्तर, मध्ये कॅनव्हास, कुठला पदर सरकला, कुठला दुमडला, सगळी खबर त्याच्याकडे. मास्तरांचं बोट तर डोळे मिटून सांगायचं, हातात दोन पदर आहेत की तीन. आता ते बोट मुकं होत चाललं होतं.

आक्कानं घरी चुगली केली, मास्तरीणबाईंनी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. उपाशीपोटी रक्त दिलं. आकडे आले, त्या आकड्यांकडे डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कापसाचा बोळा घेतला.

"डोळे मिटा. बोटाला कापूस लागला की हो म्हणा."

मास्तरांनी डोळे मिटले. बोटाला काही कळेना. पण डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही पुढे झाली की खरखरायची, आणि कडक खळीच्या सुती कापडाची खरखर मास्तरांच्या कानाला कळणार नाही तर कुणाला? ते बरोबर वेळेला हो, हो, हो म्हणत गेले.

"बोटं बरी दिसतात तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण आकड्यांवरून त्यांची नजर हटेना. "तरी स्पष्ट सांगते. साखर अशीच राहिली, तर वर्षभरात बोटांची जाणीव जाईल. आत्ता थांबलात तर पुढचं नुकसान टळेल, थोडं परतही येईल कदाचित. गोळ्या देते, त्या घ्यायच्याच. पण गोळीवर केक खाल्लात तर गोळी काय करणार?"

मास्तर गंभीर चेहऱ्यानं बाहेर पडले. उपाशीपोटी रक्त दिलं होतं, इतकं कडू बोलणं शांतपणे ऐकून घेतलं होतं, आणि वर परीक्षाही पास झाले होते, भले बाहीच्या आवाजावर का होईना. एवढ्या सगळ्याचे मिळून दोन क्रीमरोल झाले.

तरी मास्तर भ्याले नाहीत असं नाही. मनातून चांगलेच टरकले. उठता बसता अंगठ्यानं बोट चोळून बघायचे. त्यांनी सुधारायचं ठरवलं, आणि सुधारणाही आपल्याच पद्धतीनं मांडली. चार दिवस बेकरी बंद. आणि चार दिवस बंद पाळल्याबद्दल पाचव्या दिवशी...

"काय?" आक्कानं विचारलं.

"एक छोटीशी पेस्ट्री. माणसाला काहीतरी उमेद पाहिजे ना, आक्का."

"म्हणजे दारू सोडल्याबद्दल पार्टी."

मग त्यांनी समोरची बेकरी सोडली आणि बागेपलीकडच्या बेकरीत जायला लागले. जाऊन-येऊन दोन किलोमीटर, म्हणजे व्यायाम झाला, आणि व्यायाम झाला म्हणजे... पुढचं आक्कानं बोलूच दिलं नाही. हातातली कात्री तिनं टेबलावर ठेवली, नेहमीपेक्षा जरा जोरात.

तशात वकीलबाईंचा कोट आला. वकीलबाई तरुण, अशील मोजके, पण एक मोठं प्रकरण पहिल्यांदाच एकटीनं चालवायचं होतं. त्यासाठी नवा काळा कोट. सुनावणी साडेअकराला, म्हणून सकाळी दहाला कोट तयार हवा. मास्तरांनी कापलाही मन लावून, शिवलाही मन लावून. शेवटच्या सकाळी फक्त खालच्या घेराचं अस्तर हातानं टाचायचं राहिलं होतं. पावणेदहाला ते कोट मांडीवर घेऊन बसले.

फोन वाजला. वकीलबाई समोरच्या बेकरीत कॉफी घेत होत्या. "मास्तर, तयार झाला की हाक मारा, मी येते."

"तुम्ही कशाला येता? मीच आणतो," मास्तर म्हणाले, आणि आक्कानं खिडकीतून त्यांच्याकडे असं बघितलं की बस.

आता त्यांचे हात कोटात होते आणि चित्त बशीत. असा कोट, इतक्या घाईत, इतका नेटका. ह्याला क्रीमरोल नव्हे, ह्याला वरून चॉकलेट ओतलेला केकचा तुकडाच हवा. चार दिवसांचा नियम आज बाजूला. नियम काय रोजच्या कामासाठी असतात. असं करत करत शेवटची गाठ मारली, दोरा कापला, कोट पोटाशी धरून उठले आणि रस्ता ओलांडून बेकरीत शिरले.

"घ्या," म्हणून त्यांनी कोट पुढे केला. वकीलबाईंनी एक हात बाहीत घातला आणि दुसरी बाही शोधायला त्या वळल्या. त्यांच्याबरोबर मास्तरही वळले.

"मास्तर, सोडा ना."

"मी कुठं धरलाय? तुम्हीच ओढताय."

वकीलबाईंनी ओढलं. मास्तर एक पाऊल पुढे आले. मास्तर मागे सरले, तशा वकीलबाई त्यांच्या अंगावर आल्या. बेकरीवाल्यानं बशी हातात घेऊन एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खाली वाकला आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही कोट तुमच्या मांडीला शिवलाय."

मास्तरांनी खाली पाहिलं, पण मांडी दिसेना. मध्ये पोट होतं.

नऊ टाके. कोटाचं कापड, कोटाचं अस्तर, आणि तिसरा पदर मास्तरांच्या पँटचा. चाळीस वर्षं डोळे मिटून पदर ओळखणाऱ्या बोटाला तिसरा पदर कळला नव्हता.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं. आक्काला बोलावणं गेलं. ती कात्री, सुई, दोरा घेऊन आली, एक नजर टाकली, आणि हसली नाही. मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"इथं उभ्या उभ्या उसवलं तर अस्तराला ओढ पडेल," ती म्हणाली. "पँट काढ."

"आक्का, इथं?"

"मग काय कोर्टात काढतोस?"

तेव्हा बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांआड, बेकरीवाल्याचा पांढरा एप्रन गुंडाळून मास्तर उभे राहिले. एप्रन सपाट माणसाच्या मापाचा. तो पुढून पुरला. मागचं मास्तरांनी भिंतीला सोपवलं.

आक्का खिडकीपाशी पोत्यावर बसली. नऊ टाके एक एक करून काढले, अस्तर पुन्हा टाचलं, दोऱ्याचं टोक आत दाबलं. वीस मिनिटं लागली. वकीलबाई दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, घाई नाही हो, फक्त एवढं सांगा. आतून पक्कं आहे ना सगळं? तिथं उभी असताना सुटलं तर माझी पंचाईत होईल."

या प्रश्नाला मास्तर चाळीस वर्षं एकच उत्तर देत आले होते, डोळे मिटा आणि घाला. आज त्यांना ते म्हणवेना. दुसऱ्या कुठल्या शिवणीत काय झालं असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचं बोट त्यांना सांगत नव्हतं.

"पक्कं आहे," आक्काच म्हणाली. "सगळं चाचपून बघितलंय मी. जा, पोरी."

वकीलबाई गेल्या. आक्कानं मग सवयीनं मास्तरांची पँट उलटी केली. उस्तादांची सवय, दोघांनाही लागलेली. मागच्या शिवणीजवळ जुन्या टिपांच्या सहा काळपट रेघा होत्या, झाडाच्या बुंध्यात असतात तशा, एकापुढे एक. सहावीच्या पुढे कापडच नव्हतं. काठावर दोरे सुटलेले, त्यावरच कशीबशी टीप धरलेली.

"हे त्यांनी पाहिलं असतं तर?" आक्कानं विचारलं.

मास्तर हळूच म्हणाले, "आज पाव नसता मिळाला."

"कुठला पाव?"

"तो नव्हता का. काम चांगलं झालं की उस्ताद द्यायचे तो. बक्षीस."

आक्कानं पँट मांडीवर ठेवली आणि भावाकडे अशी बघत राहिली, जणू एवढ्या वर्षांनी त्याचं बटण कुठं तुटलंय ते तिला सापडलं होतं.

"तू त्याला बक्षीस समजत होतास?"

"मग?"

"अरे, त्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. चहावाला ऐकायचा नाही, रोज चहाबरोबर पाव पाठवायचा. उस्तादांना टाकवायचा नाही, म्हणून समोर असेल त्याच्यापुढे बशी सरकवायचे. तुझं काम चांगलं झालं की तू समोर असायचास. बिघडलं की तू कोपऱ्यात तोंड पाडून बसायचास, मग पाव मला."

"तुला?"

"मला. आठवड्यातून चार दिवस तरी. मला कधी वाटलं नाही बाबा, की मी बटणं भारी लावली म्हणून. भूक असली तर खाल्ला, नसली तर शेजारच्या कुत्र्याला घातला."

मास्तरांनी भिंतीला टेकूनच हे पचवलं. ज्या शाबासकीसाठी चाळीस वर्षं खाल्लं, ती एका मधुमेही म्हाताऱ्याची नको असलेली वस्तू होती, आणि तिचे दुसरे मानकरी आक्का आणि कुत्रा.

इतक्यात बेकरीवाला बशी घेऊन आत आला. चॉकलेट ओतलेला केक, मोठा तुकडा. "घ्या मास्तर. फार मनस्ताप झाला तुम्हाला. माझ्याकडून."

मास्तरांचा हात पुढे झाला. सवयच ती. एप्रन सुटला, म्हणून दोन्ही हात मागे न्यावे लागले. आणि असे दोन्ही हात मागे बांधून, समोर बशी बघत उभे असताना, त्यांना पहिल्यांदा प्रश्न पडला की हे नेमकं कशाबद्दल. काम बिघडलं म्हणून? उघडे पडलो म्हणून? आणि कोट नीट झाला असता, तर तो नीट झालाच होता की, त्यात ह्या केकचा काय संबंध? अंगावर कोट घालून बाई कोर्टात गेली, तिथं गोष्ट संपली.

"नको," ते म्हणाले. "मला कशाबद्दलही नको आहे."

"मग नुसताच खा."

"भूक नाही," मास्तर म्हणाले, आणि खरंच नव्हती. हे त्यांच्या पोटाला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

बेकरीवाल्यानं आक्काला विचारलं. आक्कानं अर्धा तुकडा खाल्ला, बोटं पुसली, आणि म्हणाली, "गोड जरा जास्तच आहे."

त्याच दुपारी दुकानात एक गोष्ट घडली, जी चाळीस वर्षांत घडली नव्हती. मापाच्या वहीत मास्तरांचं माप लिहिलं गेलं. टेप आक्कानं धरला. मास्तर पोट आत घेत होते, तेव्हा ती टेप तसाच धरून थांबली, श्वास सोडेपर्यंत. आकडा तिनं मोठ्यानं वाचला. शेजारच्या चपलांच्या दुकानापर्यंत ऐकू गेला असावा, कारण तिकडची हातोडी थांबली. मग मास्तरांनी स्वतःसाठी नवी पँट कापली आणि मागच्या शिवणीत दोराभरही माया ठेवली नाही. आता ही पँट घट्ट झाली तर सरळ तोंडावर सांगणार होती.

म्हणून काही मास्तर एका दुपारीत साधू झाले नाहीत. पुढचे कितीतरी आठवडे कोट पुरा झाला की त्यांचे पाय आपसूक उठायचे आणि उंबऱ्यापर्यंत जायचे. तिथं ते जरा वेळ उभे राहायचे, रस्त्याकडे बघायचे, आणि भूक आहे का असं स्वतःला विचारायचे. बहुतेक वेळा नसायची. असली, तर घरी जाऊन मास्तरीणबाईंच्या भाजीसमोर बसायचे, आणि आता मात्र कुरकुर करायचे. मास्तरीणबाईंना बरं वाटलं. इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदाच मन लावून जेवत होता.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कापूस काढला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "आधी बाही कोपराच्या वर दुमडा. मागच्या वेळी मी आवाजावर उत्तरं दिली होती."

डॉक्टरीणबाईंनी बाही दुमडली. मास्तरांनी डोळे मिटले. नाही. नाही. नाही. मग, "हो. थोडंसं. बोटाच्या कडेला." त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा खरेखुरे नापास झाले, आणि डॉक्टरीणबाईंच्या मते तोच चांगला निकाल होता.

दुकानात आल्यावर त्यांनी आक्काला हे सांगितलं. तिनं टेबलावरचे कापडाचे तुकडे गोळा केले, एकावर एक ठेवले आणि समोर सरकवले.

"डोळे मिट. दोन की तीन?"

मास्तरांनी बोट कापडाखाली घातलं. वर खाली फिरवलं. बराच वेळ लागला. बाहेर बेकरीच्या भट्टीतून ताजा माल निघाल्याचा वास रस्ता ओलांडून आत आला होता.

"तीन."

"तीन," आक्का म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहत राहिले.

"माझ्याकडे काय बघतोस? ती निळी पँट पाच वाजता न्यायला येणार आहेत. टीप मार."